तरुण मनाचे आजार आणि कादंबऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं एका वाचक बाईची आहेत, डॉक्टरची नाहीत. या विषयावरच्या कादंबऱ्या मी बरीच वर्षं वाचते, लोकांना वाचायला देते आणि चिकाटीने परत मागून घेते. त्यामुळे तेच ते प्रश्न माझ्यापर्यंत फिरून येतात. आईवडील विचारतात, शिक्षक विचारतात, आणि ‘माझ्या एका मैत्रिणीला हवंय’ असं म्हणत ज्यांना स्वतःला हवं असतं तेही विचारतात. खाली काही कादंबऱ्यांचे शेवट फुटले आहेत. त्याला इलाज नव्हता, निम्मे प्रश्न शेवटाबद्दलचेच असतात.

नायक उदास असला, एकटा असला, की ती मानसिक आजाराची कादंबरी झाली का?

तसं धरलं तर निम्मं कपाट या एकाच कप्प्यात कोंबावं लागेल. ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) मधला होल्डन १६ वर्षांचा आहे. शाळेतून काढलेला, धाकट्या भावाच्या मरणातून न सावरलेला, आणि ही सगळी हकिगत तो उपचारांच्या जागी बसून सांगतोय. तरीही त्याला नेमकं काय झालंय हे पुस्तक सांगत नाही, आणि वाचकाने सांगू नये असं माझं मत. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरबद्दलही मला कुणी ना कुणी विचारतं, की याला डिप्रेशन होतं का हो? बहिणीच्या मरणाने आतून हललेला, शिक्षणाला आणि एकूणच सगळ्याला विटलेला तरुण म्हणजे लगेच रुग्ण नव्हे. त्याच्या विटण्यात विचार आहे. त्याला गोळी देऊन गप्प बसवलं तर कादंबरीच संपली.

माझी कसोटी अगदी घरगुती आहे. रोजच्या साध्या गोष्टींचं काय झालंय ते बघायचं : झोप, जेवण, आंघोळ, वाचन. सिल्व्हिया प्लाथच्या ‘द बेल जार’मधली एस्थर तीन आठवडे एकाच ब्लाउज-स्कर्टमध्ये आहे आणि तिने केस धुतलेले नाहीत. का, तर आज धुतले तरी उद्या परत धुवावेच लागणार, मग धुवायचे कशाला? तिला हे अगदी तर्कशुद्ध वाटतं. त्या परिच्छेदात अश्रू नाहीत, उसासे नाहीत. नुसते न धुतलेले केस आहेत, आणि वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. आजार पानावर आला तो असा.

पण ही पात्रं नेहमी तरुणच का असतात?

कारण आजारही त्याच वयात दार वाजवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ या वयातल्या दर सातांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. स्किझोफ्रेनियाची, म्हणजे भास-भ्रम होऊन खऱ्याखोट्याची सरमिसळ करणाऱ्या आजाराची, सुरुवात बहुतेक वेळा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत होते. कादंबरीकाराला यात आणखी एक गोष्ट सापडते. चाळिशीतल्या माणसाला निदान ‘मी पूर्वी असा नव्हतो’ हे कळतं. पंधराव्या वर्षी ‘पूर्वीचा मी’ धड तयारच झालेला नसतो. आजार कुठे संपतो आणि आपण कुठे सुरू होतो, हे त्या मुलाला सांगता येत नाही. या प्रश्नावरच एक आख्खी कादंबरी उभी राहू शकते.

एकच सांगा. सुरुवात कुठून करू?

जॉन ग्रीनच्या ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’पासून (२०१७). आझा नावाच्या १६ वर्षांच्या मुलीला ओसीडी आहे. मराठीत याला मंत्रचळ असा फार नेमका जुना शब्द आहे. मंत्रासारखं तेच तेच, आणि तरी मन चळलेलं. लोकांना ओसीडी म्हणजे टापटिपीची आवड वाटते. आझाच्या बोटाकडे बघा म्हणजे तो समज जाईल. अंगठ्याचं नख मधल्या बोटाच्या पेरात रुतवायची तिला लहानपणापासून सवय. तिथली जखम कधी पुरती भरतच नाही. वर पट्टी. पट्टी काढायची, जखम दाबून आतलं बाहेर काढायचं, सॅनिटायझर लावायचा, नवी पट्टी लावायची. मिनिटभर बरं वाटतं. मग शंका : नीट साफ झालं का? जंतू आत गेला असेल तर? पुन्हा पट्टी काढायची. समोर मैत्रीण बोलत असते, जेवण निवत असतं, आवडता मुलगा जवळ असतो, आणि हिचं सगळं चित्त त्या एका पेरावर. एका ठिकाणी ती सॅनिटायझर पिते. वाचताना तिचा राग येत नाही, कारण तोवर आपणही त्या गिरमिटात फिरत फिरत खाली आलेलो असतो. ग्रीन स्वतः ओसीडीसह जगतो आणि त्याबद्दल उघडपणे बोलत आला आहे.

मला मात्र या पुस्तकात आझाइतकीच तिची मैत्रीण डेझी आवडते. डेझी ‘स्टार वॉर्स’च्या पात्रांवर कथा लिहिते आणि त्यात एक चिडचिड आणणारं पात्र घालते. पुढे आझाला कळतं की ते पात्र म्हणजे आपणच. आजारी माणसाच्या मैत्रिणीलाही कंटाळा येतो, राग येतो, आणि तरी ती सोडून जात नाही, हे इतक्या सरळपणे मी फार कमी ठिकाणी वाचलंय. त्यातलं हरवलेल्या अब्जाधीशाचं रहस्य वगैरे मला बेतास बात वाटलं. ते भरभर वाचलं तरी चालेल.

स्किझोफ्रेनियावर काही आहे का? सिनेमात दाखवतात तसं सुरा घेऊन धावणारं नको.

आहे, आणि दोन टोकांची दोन आहेत.

नील शुस्टरमनची ‘चॅलेंजर डीप’ (२०१५) दोन पातळ्यांवर चालते. एकीकडे १५ वर्षांचा केडन घरी वडिलांना सांगतो की शाळेतला एक मुलगा मला मारायला टपलाय. दुसरीकडे तोच केडन एका जहाजावर आहे आणि जहाज मारियाना गर्तेच्या तळाकडे, समुद्रातल्या सगळ्यात खोल जागेकडे निघालंय. सुरुवातीची पन्नासेक पानं काही म्हणजे काही लागत नाही. मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मग हळूहळू ध्यानात येतं की जहाजावरची माणसं आणि रुग्णालयातली माणसं यांचे चेहरे एकमेकांत मिसळताहेत, आणि आपल्याला जो गोंधळ पन्नास पानं सोसवला नाही त्यातच हा मुलगा दिवसरात्र राहतोय. लेखकाचा मुलगा ब्रेंडन याने स्वतः असाच आजार सोसला. पुस्तकातली रेखाचित्रं त्याची आहेत, त्या दिवसांत काढलेली. पुस्तकाला २०१५चा किशोर साहित्याचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. शेवटी केडन सावरतो, पण जहाजाचा कप्तान पुन्हा बोलावणार हे त्याला ठाऊक आहे. आज नाही म्हणायचं, इतकंच त्याच्या हाती.

दुसरी जोअॅन ग्रीनबर्गची ‘आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन’ (१९६४). ती आधी हॅना ग्रीन या टोपणनावाने आली, कारण गोष्ट बरीचशी लेखिकेची स्वतःची होती. १६ वर्षांच्या डेबोराने मनात एक राज्य उभं केलंय, त्याला स्वतःचे देव आहेत, स्वतःची भाषा आहे. बाहेरच्या जगात फार लागलं की आत जायचं. हळूहळू त्या राज्यातले देवच तिला छळू लागतात. डॉक्टर फ्रीड तिच्याशी बोलत राहते, महिनोन् महिने. एकदा डेबोरा रुग्णालयातल्या एका अन्यायाची तक्रार घेऊन येते, तेव्हा डॉक्टर सांगते की जग न्यायाचं असेल असं वचन मी तुला दिलंच नव्हतं. पुस्तकाचं नाव तिथून आलंय. ही डॉक्टर फ्रीडा फ्रॉम-राइशमन या खऱ्या मनोविकारतज्ज्ञ बाईंवरून घेतली आहे.

एक मात्र मी देतानाच सांगते. या कादंबरीत डेबोरा औषधांवाचून, बोलण्यातून सावरते. पुढे काही मनोविकारतज्ज्ञांनी तिचा आजार स्किझोफ्रेनियाच होता का, यावरही शंका घेतली. तेव्हा ही वाचून घरातल्या कुणी चालू गोळ्या बंद करू नयेत. अतिशयोक्ती वाटेल, पण हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे.

‘द बेल जार’चं नाव फार ऐकलंय. शॉक ट्रीटमेंट आहे म्हणून भीती वाटते.

शॉक दोनदा आहे, आणि या दोन वेळांमधला फरक हाच कादंबरीचा कणा म्हणा. पहिला डॉक्टर तरुण, देखणा, टेबलावर आपल्या कुटुंबाचा फोटो ठेवणारा. एस्थरचं तो फारसं ऐकूनच घेत नाही. तिथली शॉक ट्रीटमेंट चुकीच्या पद्धतीने होते आणि तिला वाटतं, असं मी काय केलं होतं म्हणून ही शिक्षा? पुढे डॉक्टर नोलन भेटते. ती आधी विश्वास कमावते, आणि तीच ट्रीटमेंट नीट दिली जाते. डोक्यावरची काचेची हंडी, म्हणजे नावातली ‘बेल जार’, थोडी वर उचलली गेल्यासारखं एस्थरला वाटतं, हवा आत येते. सिनेमांनी शॉकला नुसता राक्षस केलाय. सिल्व्हिया प्लाथने १९६३ सालीच हे किती बारकाईने लिहून ठेवलंय बघा.

भीती वाटावी अशी जागा दुसरी आहे. प्लाथने ही कादंबरी जानेवारी १९६३ मध्ये व्हिक्टोरिया लुकस या नावाने प्रसिद्ध केली आणि फेब्रुवारीत स्वतःचं आयुष्य संपवलं. ती वयाच्या तिशीत होती. हे माहीत असलं की शेवटच्या पानावरची आशा वेगळीच वाचली जाते. शिवाय पुस्तकात काही वर्णद्वेषी शेरे आहेत, ते आज खुपतात. तरीही द्या म्हणाल तर मी देईन, पण वाचणारी सध्या स्वतःच त्या हंडीखाली असेल तर आधी दुसरं काहीतरी.

आत्महत्येबद्दल वाचून मुलं तसं करतात, हे खरं का?

ही चिंता अडीचशे वर्षं जुनी आहे. जर्मन लेखक गटेची ‘तरुण वेर्थरची दुःखं’ १७७४ मध्ये आली. प्रेमभंग झालेला वेर्थर शेवटी जीव देतो. युरोपभर तरुण त्याच्यासारखा निळा कोट आणि पिवळा वेस्टकोट घालून फिरू लागले. काहींनी त्याच्यासारखं मरणही पत्करलं अशी बोलवा झाली, आणि १७७५ मध्ये लाइपझिगने पुस्तकावर बंदी घातली. गटेलाही पुढच्या आवृत्तीत ‘माझ्यामागे येऊ नकोस’ अशा अर्थाची ओळ घालावी लागली. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी वर्तमानपत्रात गाजलेल्या आत्महत्यांनंतर आत्महत्या वाढतात असं दाखवलं आणि त्याला ‘वेर्थर परिणाम’ असं नाव दिलं. म्हणजे भीती निराधार नाही. पण ते संशोधन बातम्यांवरचं होतं, कादंबऱ्यांवरचं नव्हे, हे लोक विसरतात.

दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. मोझार्टच्या ‘जादुई बासरी’ या ऑपेरात पापागेनो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं येऊन त्याला त्याच्याजवळच्या घंटांची आठवण करून देतात. घंटा वाजतात, तो थांबतो. २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांना आढळलं, की संकटातून मार्ग काढलेल्यांच्या बातम्यांचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसतो. त्यांनी त्याला ‘पापागेनो परिणाम’ म्हटलं.

तेव्हा विषय आहे की नाही हे बघू नका, कसा आलाय ते बघा. मरणाची रीत तपशिलात सांगितली आहे का? मरण हे उत्तर म्हणून दाखवलंय का? आणि मेल्यावरही पात्र रंगमंचावर राहून टाळ्या घेतंय का? या तिसऱ्या मुद्द्यावर जे अॅशरची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ (२००७) माझ्या मते सपशेल घसरते. हॅना सात कॅसेट मागे ठेवून जाते, एकेका बाजूला एकेकाचा हिशोब. ती मेलेली असूनही सगळ्या पुस्तकभर तिचाच आवाज, आणि ज्यांनी छळलं ते मुकाट ऐकताहेत. दुखावलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला याहून गोड सूड कोणता सुचेल? खऱ्या मरणानंतर ऐकायला आपण नसतो, हे पुस्तक विसरायला लावतं. तिच्या मनाच्या आजाराबद्दल तर जवळजवळ काहीच नाही. तिच्यावरची मालिका २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, गदारोळ झाला, आणि २०१९ मध्ये आत्महत्येचं दृश्य काढून टाकावं लागलं.

पण लेखकच आत्महत्येने गेला असेल तर त्याच्या आशेवर विश्वास कसा ठेवायचा?

हा प्रश्न बहुतेक वेळा नेड व्हिझिनीबद्दल येतो. ‘इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी’ (२००६) मधला क्रेग १५ वर्षांचा आहे. नामांकित शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी रात्रीचा दिवस करतो, पास होतो, आणि आत गेल्यावर कोसळतो. अन्न पोटात ठरत नाही. एका रात्री हेल्पलाइनला फोन करतो आणि मग स्वतःच्या पायांनी रुग्णालयात जातो. किशोरांच्या विभागाची डागडुजी चालू, म्हणून त्याला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवतात. पाच दिवसांची गोष्ट. हसू येतं, खरंच येतं. व्हिझिनी स्वतः २००४ मध्ये असाच पाच दिवस रुग्णालयात होता. २०१३ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, तो आत्महत्येने गेला.

मला विचाराल तर पुस्तक खोटं ठरत नाही. त्याने कायमचं बरं होण्याची हमी दिलीच नव्हती. पाच दिवसांत एक मुलगा त्या रात्रीतून बाहेर कसा आला, एवढंच त्याने लिहिलं, आणि तेवढं घडलं होतं. दम्याच्या माणसाला दहा वर्षांनी पुन्हा धाप लागली म्हणून पहिल्या वेळचा इनहेलर खोटा म्हणत नाहीत. तरीही पुस्तक हाती देताना मी हे लपवत नाही. मुलं दोन मिनिटांत शोधून काढतात आणि मग आपल्यावरचा विश्वास जातो.

खाण्याशी संबंधित आजारांवरची पुस्तकं कुणाला द्यावीत?

ज्यांना तो आजार नाही त्यांना. मी ही चूक केलेली आहे, म्हणून ठासून सांगते. लॉरी हॅल्स अँडरसनची ‘विंटरगर्ल्स’ (२००९) लेखनाच्या दृष्टीने अफाट आहे. लियाच्या मनात येणारी खरी इच्छा छापलेली आणि लगेच खोडलेली दिसते. भूक लागली हे वाक्य, त्यावर रेघ, पुढे ‘नको’. प्रत्येक घासाला कंसात कॅलरींचा आकडा. आजाराचं डोकं कसं चालतं ते अक्षरांच्या मांडणीतून कळतं. मी भारावून पुस्तक माझ्या भाचीला दिलं. तिचं जेवण तेव्हा कमी होत चाललं होतं आणि ‘वाचून शहाणी होईल’ असं माझं शहाणपण. पुस्तक परत आलं तेव्हा समासात पेन्सिलने बारीक बेरजा होत्या, पानागणिक. तिने गोष्ट वाचलीच नव्हती. आकडे तेवढे उचलले होते. ताईला फोन करून सांगताना माझा घसा कोरडा पडला. पुढचं काम आहारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञांनी केलं, पुस्तकाने नाही. दोष कादंबरीचा नव्हता. तेच पुस्तक तिच्या वर्गशिक्षिकेला दिलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता.

प्रेमात पडल्यावर बरं होणारी पात्रं कितपत खरी?

फारशी नाहीत. जेनिफर निव्हनच्या ‘ऑल द ब्राइट प्लेसेस’मध्ये (२०१५) व्हायलेट फिंचवर मनापासून प्रेम करते आणि फिंच वाचत नाही. मुराकामीच्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये (१९८७) वातानाबे नाओकोला पत्रं लिहीत राहतो, डोंगरातल्या त्या उपचारकेंद्रात भेटायला जातो, थांबायला तयार असतो. तीही जाते. तुम्ही कमी प्रेम केलंत म्हणून माणूस गेलं, असा बोल स्वतःला लावणाऱ्यांना मी ‘नॉर्वेजियन वुड’ देते.

घरात आजारी माणूस आहे आणि आम्ही मुलं आहोत. आमच्यावर कुणी लिहिलंय का?

जेरी पिंटोंची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२). आईला बायपोलर आहे, म्हणजे मन टोकाच्या उत्साहातून टोकाच्या उदासीत जाणारा आजार, आणि मुलगा गोष्ट सांगतोय. चार माणसांचं छोटं घर, विड्या ओढत चावट बोलणारी, हसवणारी आई, आणि तिचा पारा कधी चढेल-उतरेल याचा अंदाज घेत वाढलेली दोन मुलं. हिला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ या नावाने आणली आहे. आपल्यालाही हे होईल का, ही मुलाची भीती पुस्तकभर दबक्या पावलांनी फिरत असते. मी हिच्याबद्दल जास्त बोलत नाही, सरळ पुस्तकच देते.

कादंबरीऐवजी आत्मकथन वाचलं तर?

वाचा की. सुझॅना केसनचं ‘गर्ल, इंटरप्टेड’ (१९९३) अनेक जण कादंबरी समजूनच वाचतात. १८व्या वर्षी ती मॅकलिन रुग्णालयात गेली, प्लाथ जिथे राहिली होती तिथेच. मधेमधे तिच्या केसपेपरची पानं जशीच्या तशी छापली आहेत. डॉक्टरांनी लिहिलेली मुलगी आणि स्वतःने लिहिलेली मुलगी शेजारी शेजारी बघायला मिळतात.

माझी मुलगी सारखी अशीच पुस्तकं वाचते. काळजी करू का?

पुस्तकावरून नको. झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास यांत काही बदललं असेल तर मात्र करा, मग ती विनोदी पुस्तकं वाचत असली तरी. पुस्तक काढून घेऊ नका. तेच पुस्तक तुम्हीही वाचा आणि ‘तुला काय होतंय?’ असं न विचारता ‘तुला ती डेझी कशी वाटली?’ असं विचारा. पात्राबद्दल बोलता बोलता मुलं स्वतःबद्दल बरंच सांगून जातात. आपण तेव्हा मोबाइल खाली ठेवायचा, एवढंच. आणि मरणाचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, विचारायचं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही.

वाचताना सगळी लक्षणं माझीच वाटतात.

मलाही वाटतात. ‘टर्टल्स’ वाचताना मी आठवडाभर हात जरा जास्तच धुतले. पुस्तक संपल्यावर ते ओसरलं तर तो लेखकाचा हातगुण. पुस्तकाच्या आधीपासून होतं आणि नंतरही आहे असं दिसलं, तर ज्या पानावर ‘हे माझंच’ वाटलं ते पान घेऊन डॉक्टरकडे जा. एका मुलाने तसंच केलं होतं. जे त्याला वर्षभर तोंडाने सांगता येत नव्हतं, ते त्याने बोट ठेवून दाखवलं.

अर्धवट सोडलं तर चालेल का?

चालेल. ‘चॅलेंजर डीप’ मी दोनदा मिटलं होतं, ते वर सांगितलंच. रात्री वाचून झोप उडत असेल तर दिवसा वाचा, जड जात असेल तर शेवट आधी वाचा, तेही जमत नसेल तर परत आणून द्या. मी का म्हणून विचारत नाही. फक्त पानात खूण राहिली असेल तर ती काढू नका. पुढे कधी मागितलंत तर तिथूनच देईन.